गॅदर, कलेक्ट, जॉइन, मर्ज... इंग्लिशमध्ये "एकत्र आणणं" कसं म्हणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्र. मराठीत "एकत्र करा" म्हटलं की काम भागतं, इंग्लिशमध्ये मात्र गॅदर, कलेक्ट, असेंबल, जॉइन, कंबाइन, मर्ज, युनाइट, संपतच नाही. सुरुवात कुठून करू?

मराठीत एकाच शब्दावर भागतं हे आधी डोक्यातून काढा. काजूच्या बिया आपण वेचतो, वर्गणी गोळा करतो, माणसं जमवतो, पाइप जोडतो, भात कालवतो, उकड मळतो, चिरे रचतो, आणि यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी घालत नाही. चुकत नाही कारण लहानपणापासून कानावर आहे. इंग्लिशमध्ये तो कान नसतो म्हणून डिक्शनरी उघडतो, तिथे सगळ्यांसमोर "एकत्र करणे" लिहिलेलं असतं आणि मग गोंधळ.

यादी पाठ करू नका. वाक्य बोलायच्या आधी एवढं बघा, की जे एकत्र आलं ते आपापलं आलं की कोणी आणलं, आल्यावर ते वेगवेगळं ओळखू येतंय की एकजीव झालं, आणि नुसतं जमलंय की त्याच्यामागे काही हेतू किंवा रचना आहे. मधला प्रश्न सगळ्यात जास्त कामाचा. अर्धे घोळ तिथेच सुटतात.

प्र. गॅदर आणि कलेक्ट यात फरक काय? दोन्ही "गोळा करणे"च ना?

गॅदर म्हणजे पसरलेलं एका जागी येणं किंवा आणणं. गणपतीत माटवी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायची फळापानांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधायला रानातनं कांगण्या, हरणं, कवंडळं, आंब्याचे टाळे आणतो ते गॅदर. "वी गॅदर्ड वाइल्ड फ्रूट्स अँड लीव्ह्ज फॉर द माटवी." सरपण आणलं, गॅदर. खाडीत ओहोटीला तिसऱ्या (शिंपल्या) काढायला बायका जातात, तेही गॅदर. आरतीला वाडीतली माणसं जमतात तेही गॅदरच, कारण गॅदर आपापलं पण होतं: "द नेबर्स गॅदर्ड फॉर द आरती." तिथे कोणी जमवलं हे सांगायची गरज नाही.

कलेक्टमध्ये थोडा हिशोब असतो. ठरलेलं आहे, येणं आहे, किंवा निवडून निवडून साठवायचंय. भाडं, फी, तिकिटं, वर्गणी, पार्सल, लॅबचा रिपोर्ट, जुनी नाणी, हे सगळं कलेक्ट. म्हणून नाण्यांचं कलेक्शन असतं, नाण्यांचं गॅदरिंग कोणी म्हणत नाही, आणि कॉलेजात गॅदरिंग असतं, विद्यार्थ्यांचं कलेक्शन नसतं. जिल्ह्याचा कलेक्टरसुद्धा याच अर्थाचा आहे, १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या काळात हे पद निघालं तेव्हा मुख्य काम शेतसारा वसूल करणं हेच होतं, बाकीच्या जबाबदाऱ्या नंतर चिकटल्या.

माहिती मात्र दोन्हींनी चालते, फक्त रंग बदलतो. "कलेक्ट डेटा" म्हटलं की फॉर्म, तक्ता, पद्धत. "गॅदर इन्फर्मेशन" म्हटलं की इकडून तिकडून विचारून.

प्र. "आय गॅदर यू आर फ्रॉम मालवण" असं एक गोरा गेस्ट बोलला. तो काय गोळा करत होता?

काही नाही. "तुम्ही मालवणचे आहात असं कळलंय मला" एवढंच. इकडचं तिकडचं ऐकून काढलेला अंदाज. ढग दाटून येतात तिथेही गॅदर, गाडीने वेग घेतला तर "गॅदर्ड स्पीड", आणि वादळाचा जोर वाढला तर "गॅदर्ड स्ट्रेंग्थ". ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आपटलं त्याच्या आधी ते अरबी समुद्रात असंच गॅदरिंग स्ट्रेंग्थ होतं. इथे कलेक्ट घालून बघा, लगेच खटकेल.

प्र. मग आंबे गॅदर करायचे की कलेक्ट?

झाडावरचे आंबे पिक करतात. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, एकेक देठासकट काढला, पिक. सगळ्या बागेची तोडणी म्हणायची तर हार्वेस्ट. खाली पडलेले उचलले तर गॅदर किंवा साधं पिक अप. काजूच्या बिया झाडाखालच्या पाचोळ्यातनं वेचता म्हणून गॅदर बरोबर बसतं. आणि व्यापाऱ्याचा टेम्पो बागेत येऊन पेट्या घेऊन जातो तेव्हा "द टेम्पो कलेक्ट्स द बॉक्सेस". बघा, एकाच हापूसला बागेपासून टेम्पोपर्यंत क्रियापद बदलत गेलं.

रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याचं, कोणी विचारायच्या आधीच सांगतो. रापण ओढणं म्हणजे "हॉल इन द नेट". जाळं गॅदर केलं म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल किनाऱ्यावर पडलेलं जाळं गुंडाळून घेतलं. माणसं रापणीला जमली ते गॅदर्ड, दोरी ओढली ते हॉल्ड, मासळी मिळाली ती कॅच.

प्र. होमस्टे आहे. गेस्टला कुडाळ स्टेशनवरून आणायचंय. "आय विल कलेक्ट यू" बरोबर आहे का? माणसाला कलेक्ट कसं करणार?

करतात. ब्रिटिश इंग्लिशमध्ये "आय विल कलेक्ट यू फ्रॉम द स्टेशन" अगदी रोजचं आहे, शाळेतून मुलांना आणणं पण कलेक्टच. अमेरिकन माणूस पिक अप म्हणतो. पिक अप सगळ्यांना कळतं म्हणून तेच वापरा, "आय विल पिक यू अप ॲट कुडाळ स्टेशन", फक्त "यू" मध्ये घाला, "पिक अप यू" नको. आपल्याकडे "रिसीव्ह करायला येतो" म्हणायची सवय आहे, ते चूक नाही पण बाहेरच्याला जरा सरकारी स्वागतासारखं लागतं, हार घेऊन उभे असल्यासारखं. गेस्टला स्टेशनवर नुसतं भेटायचं असेल आणि रिक्षा त्याचीच असेल तर मीट.

प्र. देवळाच्या छपरासाठी गावाने पैसे जमवले. कलेक्टेड, रेझ्ड की पूल्ड?

तिन्ही होऊ शकतात, काय सांगायचंय ते बघा. घरोघर पावतीपुस्तक घेऊन फिरलात, तर "वी कलेक्टेड कॉन्ट्रिब्यूशन्स". छपरासाठी अमुक रक्कम उभी केली, आकडा आणि हेतू महत्त्वाचा, तर "वी रेझ्ड टू लाख रुपीज फॉर द टेंपल रूफ". आणि चार चाकरमान्यांनी मिळून मुंबईहून गावी यायला गाडी केली, प्रत्येकाने आपला वाटा एकाच डब्यात टाकला आणि त्यातनंच सगळ्यांचा खर्च केला, तर "वी पूल्ड अवर मनी". पूलमध्ये देणारे आणि वापरणारे तेच असतात. कारपूल त्यातलाच.

प्र. असेंबल फक्त कॉम्प्युटरसाठी आहे का?

नाही. असेंबलमध्ये दोन गोष्टी येतात, सुटे भाग जोडून काहीतरी चालतं बनवणं आणि माणसं ठरवून एका कामासाठी जमणं. दोन्हीकडे "ठरवून" आहे. बाजारात माणसं अशीच घोळक्याने उभी असतील तर असेंबल जड वाटतं. शाळेच्या प्रार्थनेला मुलं असेंबल होतात. लोट्याच्या एमआयडीसीसारख्या ठिकाणी कंपन्यांच्या आवारात "असेंब्ली पॉइंट"चे हिरवे बोर्ड असतात, भोंगा झाला की सगळ्यांनी तिथेच यायचं, म्हणून असेंब्ली.

कायद्याची भाषा हाच शब्द धरते. संविधानाचं कलम १९, पोटकलम एक, खंड ख, तिथे नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र असेंबल होण्याचा हक्क दिलाय. उलट बाजूला बेकायदेशीर जमाव म्हणजे अनलॉफुल असेंब्ली, त्याला पाच किंवा जास्त माणसं तर लागतातच पण त्यांचा सगळ्यांचा मिळून कायद्यात सांगितलेला गैर हेतू पण लागतो. नुसती पाच माणसं नाक्यावर चहा पीत बसली तर असेंब्ली होत नाही, हवं तर गॅदरिंग म्हणा, गप्पा म्हणा.

प्र. ग्रामसभा बोलावली. कॉल्ड, कन्व्हेन्ड, समन्ड, हेल्ड?

बोलावली ते कॉल्ड, आणि कागदावर थाट हवा असेल तर कन्व्हेन्ड. प्रत्यक्ष झाली ते हेल्ड. "अ ग्रामसभा वॉज हेल्ड ऑन २६ जानेवारी" म्हणजे झाली, "वॉज कॉल्ड" म्हणजे बोलावली, कोरमअभावी तहकूब झाली असेल तर देव जाणे. समन मध्ये हुकूम आहे, आलंच पाहिजे. कोर्टाचं समन्स आपल्याला माहीतच आहे. राष्ट्रपती संसदेचं अधिवेशन बोलावतात तिथे संविधानाच्या कलम ८५ मध्ये समन हाच शब्द आहे, पण म्हणून सरपंचांनी गावकऱ्यांना समन केलं असं प्रोसिडिंगमध्ये लिहू नका, उगाच गावात वाद.

प्र. मस्टर, रॅली, राउंड अप हे कधी?

मस्टर आपल्याला हजेरीचं रजिस्टर म्हणून माहीत आहे, रोजगार हमीचं मस्टर. क्रियापद म्हणून ते सैन्य किंवा धैर्य जमवण्याला. "शी मस्टर्ड द करेज टु स्पीक." रॅली म्हणजे पांगलेल्या किंवा खचलेल्या माणसांना पुन्हा एका मुद्द्यावर उभं करणं. राउंड अप म्हणजे इकडे तिकडे गेलेली गुरं वळवून आणणं, आणि पोलीस संशयितांना उचलतात ते. पाहुण्यांसाठी राउंड अप वापरू नये, हे सांगायला नकोच.

प्र. जॉइनला इन लावायचं की विथ की टू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बहुतेक वेळा काहीच नाही. "आय जॉइन्ड द बँक", "आय जॉइन्ड द कॉलेज", "प्लीज जॉइन अस फॉर डिनर". "जॉइन विथ अस" नाही, "जॉइन्ड इन द बँक" नाही. मराठीत "बँकेत लागलो" मधला "त" आपण सोबत घेऊन जातो म्हणून ते इन येतं.

जॉइन इन वेगळं, चालू असलेल्या गोष्टीत आपणही सामील होणं: "एव्हरीवन जॉइन्ड इन द भजन." जॉइन टू वस्तूंना, एक पाइप दुसऱ्याला: "जॉइन दिस पाइप टु दॅट वन." ग्रुपमध्ये स्वतः आलात तर जॉइन केलं, ॲडमिनने घेतलं तर ॲड केलं, आणि न विचारता घेतलं असेल तरी ॲडच.

नद्यांना पण जॉइन छान बसतं. "द जगबुडी जॉइन्स द वाशिष्ठी." संगमेश्वरला सोनवी शास्त्रीला मिळते ते जॉइन्स किंवा मीट्स. पण वाशिष्ठी दाभोळजवळ समुद्राला मिळते तिथे जॉइन नको, "फ्लोज इंटू द अरेबियन सी". समुद्राला नदी जॉइन होत नाही.

प्र. कनेक्ट, लिंक, अटॅच, हे तिन्ही "जोडणे"च ना?

कनेक्टमध्ये दोन टोकं लांब राहतात आणि मधून काहीतरी जातं, वीज, रेल्वे, ओळख. कोकण रेल्वे, जी २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर सुरू झाली, ती रोह्याला मंगळूरजवळच्या ठोकूरशी कनेक्ट करते, सुमारे ७४० किलोमीटर. रोहा रोह्यातच राहिलं. लिंक त्याच्या जवळचंच पण जास्त करून नोंदींना, आधार बँक खात्याला लिंक करा, तिथे कनेक्ट कोणी म्हणत नाही.

अटॅच म्हणजे लहान वस्तू मोठीला चिकटवणं. ईमेलला फाइल, अर्जाला फोटो. "आय हॅव अटॅच्ड माय रेझ्युमे", आणि शब्द जोडायचा तर टू, विथ नाही. पाकिटात घालून पाठवलं तर एन्क्लोज्ड. "प्लीज फाइंड अटॅच्ड हियरविथ" ही आपल्या ऑफिसांची आवडती ओळ, चूक नाही, जुनाट आहे, हियरविथ तरी काढा.

आणि सावध, कोर्टाच्या किंवा बँकेच्या कागदात "द प्रॉपर्टी हॅज बीन अटॅच्ड" दिसलं तर ते जोडणं नव्हे, जप्ती. कागद नीट वाचा आणि वकिलाला भेटा.

प्र. कंबाइन, मर्ज, युनाइट, अमाल्गमेट. इथे माझं डोकं चालत नाही.

इथे तो मधला प्रश्न विचारा, वेगळेपण राहिलं की गेलं.

कंबाइनमध्ये दोन गोष्टी एकत्र कामाला लागतात, पण दोन्ही आहेत हे कळतं. कोकण दर्शन आणि गोवा एकाच सहलीत केलं, कंबाइन. गोवा काही नाहीसा झाला नाही.

मर्ज झालं की निदान एकाची तरी स्वतंत्र ओळख संपते. एक्सेलमध्ये मर्ज सेल्स करून बघा, दोन्ही खान्यांत काही लिहिलेलं असेल तर डाव्या वरच्या खान्यातलं राहतं, बाकीचं जातं, तशी वॉर्निंग पण येते आणि आपण न वाचता ओके दाबतो. मजकूर राखून जोडायचा असेल तर त्यासाठी वेगळे फॉर्म्युले आहेत. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये मर्ज झाल्या, आता देना बँकेची पाटी शोधून दाखवा. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं ते पण मर्ज्ड. विथ आणि इंटू दोन्ही चालतात, पण इंटू म्हटलं की लहान मोठ्यात गेलं हे स्पष्ट होतं.

अमाल्गमेट म्हणजे मर्जचा सरकारी पोशाख. विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून एक झाल्या, राजपत्रात तो अमाल्गमेशनचा शब्द, बातमीत मर्जर, आणि पासबुक घेऊन लाइनीत उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही सारखेच.

युनाइट मात्र माणसांना आणि त्यांच्या मनांना, प्रदेशांना, पक्षांना. संयुक्त महाराष्ट्र म्हणजे युनायटेड महाराष्ट्र, त्यामागे भावना होती, हुतात्मे होते, म्हणून तिथे मर्ज्ड महाराष्ट्र ऐकायला सुद्धा कसंतरी वाटतं. पीडीएफ युनाइट करू नका, त्या बिचाऱ्यांना भावना नाहीत, मर्ज करा नाहीतर कंबाइन करा.

जमिनीचं विचाराल तर कन्सॉलिडेट. आपण ज्याला तुकडेबंदी कायदा म्हणतो, १९४७ चा, त्याच्या इंग्लिश नावातच कन्सॉलिडेशन आहे, विखुरलेले तुकडे एकत्र करून सलग करणं. कोकणात एकेका सातबाऱ्यावर किती नावं असतात ते माहीत असलेल्या माणसाला हा शब्द किती अवघड आहे ते सांगायला नको. तीन कर्जं मिळून एक कर्ज केलं तर तेही कन्सॉलिडेट.

प्र. गेस्टना सोलकढी शिकवते. मिक्स म्हणू, ब्लेंड म्हणू की कंबाइन?

खोबरं पाण्यासोबत मिक्सरला फिरवता ते ब्लेंड किंवा ग्राइंड. दूध पिळून काढता ते स्क्वीझ. आगळ (कोकमाचा रस) आणि नारळाचं दूध एकत्र करता ते मिक्स, आणि चमच्याने हळू फिरवायचं तर स्टर. कंबाइन हा पाककृतीच्या पुस्तकातला शब्द, "कंबाइन द राइस फ्लोअर अँड वॉटर", तोंडी बोलताना मिक्स पुरे. उकडीच्या मोदकांची उकड मळतो ते नीड, तिथे मिक्स म्हटलं तर गेस्ट चमचा घेऊन ढवळत बसेल.

प्र. आणि साचणं, साठवणं, रचणं?

कोणी न करता हळूहळू साचतं ते अक्युम्युलेट, बोलताना बिल्ड अप. धूळ, व्याज, थकबाकी, नदीतला गाळ. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणला वाशिष्ठीतल्या गाळाची जी चर्चा झाली ती याच क्रियापदातली, "सिल्ट हॅज अक्युम्युलेटेड इन द रिव्हर".

मुद्दाम साठवलं तर स्टोअर, आणि पावसाळ्याची बेगमी म्हणजे स्टॉक अप: "वी स्टॉक अप ऑन ड्राइड फिश बिफोर द मान्सून", कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद आणि सुकट-बोंबलांवरच भागवायचं. स्टॉक अप नंतर ऑन लागतं ते विसरू नका. व्यापाऱ्याने भाव वाढायची वाट बघत लपवून ठेवलं तर होर्ड, हा शब्द शिवीच्या जवळ जातो, शेजारणीच्या कोकमांना लावू नका.

चिरे व्यवस्थित एकावर एक लावले तर स्टॅक, ट्रकमधून ओतले तर हीप, मधलं काहीतरी असेल तर पाइल. पेंढ्याची उडवी पण स्टॅकच.

प्र. दोन भाऊ वाटणीवरून बोलत नव्हते, गणपतीत एकत्र आले. कुठलं क्रियापद?

भांडण मिटलं असेल तर "दे रेकन्साइल्ड". मिटलं की नाही माहीत नाही पण एका पंगतीला बसले, तर "द फेस्टिव्हल ब्रॉट देम टुगेदर", हे सुरक्षित. भांडण नव्हतंच, फक्त बरीच वर्षं भेट नव्हती, तर "दे वर रीयुनायटेड". आणि दरवर्षीसारखेच जमले तर "द फॅमिली गॉट टुगेदर". मर्ज नको, भावांचे सातबारे कदाचित मर्ज होतील, भाऊ नाही.

प्र. गॅदर टुगेदर, कंबाइन टुगेदर असं लिहिलं तर मार्क जातात का?

गॅदर टुगेदर इंग्लिश माणूसही बोलतो, लिहिताना टुगेदर काढलेलं बरं. कंबाइन टुगेदर, मर्ज टुगेदर मात्र टाळाच, तिथे टुगेदर अर्थात आधीच आहे. पुट टुगेदर, गेट टुगेदर, ब्रिंग टुगेदर यातलं टुगेदर काढू नका, काढलंत तर क्रियापदच बदलतं.

प्र. बोलताना शब्द आठवलाच नाही तर?

माणसं आणली तर ब्रिंग टुगेदर, वस्तू किंवा भाग जुळवले तर पुट टुगेदर, आपण स्वतः जमलो तर गेट टुगेदर. थोडं ढोबळ होईल पण कोणाचा गैरसमज होणार नाही. फक्त गेट-टुगेदर नाम म्हणून आलं की लिहिताना मध्ये आडवी रेघ येते, क्रियापद असेल तेव्हा नाही.